शांततेच्या खाती : चित्रपट-निर्मात्या अबिगेल डिस्नी

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत निर्मात्याचे नाव ठळक अक्षरांत झळकते. परंतु निर्माता नेमके काय करतो, असा प्रश्न कोणी विचारला तर नेहमीचा प्रेक्षकही क्षणभर अडखळतो. दिग्दर्शक दृश्य घडवितो, नट ते सजीव करतो, छायालेखक ते टिपतो. निर्माता पैसा उभा करतो, तो बुडण्याची जोखीम शिरावर घेतो आणि या दोहोंच्याही आधी कोणती कथा सांगण्याजोगी आहे याचा निर्णय घेतो. कर्जाचे प्रस्ताव तपासणाऱ्या कोणाही अधिकाऱ्याला हे काम अगदीच अनोळखी वाटू नये. फरक एवढाच की प्रस्तावाला बहुधा तारण असते. कथेला ते कधीच नसते.

अमेरिकेतील चित्रपट-निर्मात्या अबिगेल डिस्नी यांनी वयाच्या सत्तेचाळिशीच्या सुमारास ज्या कथेवर पैसा लावला, तिला तारण तर सोडाच, धड पुरावाही नव्हता. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या लहानशा देशातील हजारो सामान्य स्त्रियांनी २००३ साली तेथील यादवी युद्ध थांबविण्यात निर्णायक वाटा उचलला, असे त्यांच्या कानी आले होते. त्या काळात जगातील मोठमोठ्या वृत्तसंस्थांचे कॅमेरे त्या देशात फिरत होते. पण त्यांच्या चित्रफितींमध्ये या स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच. या रिकाम्या जागेतून एका निर्मातीची आणि शांतता-कार्यकर्तीची कारकीर्द उभी राहिली.

बँकेतल्या कारकुनाची नात

डिस्नी म्हटले की डोळ्यांपुढे मिकी माउस येतो आणि त्याच्यामागोमाग वॉल्ट डिस्नी यांचे नाव. परंतु १९२३ साली लॉस एंजेलिस येथे जो उद्योग सुरू झाला तो दोघा भावांचा होता. वॉल्ट यांच्याजवळ कल्पना होत्या. थोरले बंधू रॉय यांच्याजवळ हिशेब होता. तरुणपणी रॉय हे कॅन्सस सिटीतील एका बँकेत कारकून होते. पुढे पहिल्या महायुद्धात त्यांनी नौदलात सेवा केली, क्षयाने ग्रासले गेल्यामुळे ते सैनिकी रुग्णालयात राहिले आणि तेथून बाहेर पडून त्यांनी धाकट्या भावाच्या चित्रशाळेचा जमाखर्च हाती घेतला. 'स्नो व्हाइट' हा १९३७ सालचा पूर्ण लांबीचा व्यंगचित्रपट अर्ध्यावर आला असताना पैसा संपला होता. तेव्हा बँक ऑफ अमेरिकाच्या अधिकाऱ्याला तो अपुऱ्या अवस्थेत दाखवून वाढीव कर्ज मिळविण्यात आले, हा किस्सा चित्रपटसृष्टीत अजूनही सांगितला जातो. सुमारे पंधरा लाख डॉलर खर्चाच्या त्या चित्रपटाने सगळे कर्ज फेडले आणि डिस्नी घराण्याच्या संपत्तीचा पाया घातला.

याच रॉय यांची नात म्हणजे अबिगेल. जन्म २४ जानेवारी १९६० चा. वडील रॉय एडवर्ड डिस्नी हेही कंपनीच्या कारभारात महत्त्वाचे स्थान राखून होते. घरात पैसा मुबलक, राजकीय विचार परंपरानिष्ठ, आणि आडनाव असे की परक्या माणसाशी ओळख होण्याआधीच त्याचा चेहरा बदलावा. अबिगेल यांनी चित्रपटाच्या वाटेला न जाता ग्रंथांची वाट धरली. येल विद्यापीठातून पदवी, स्टॅनफर्डमधून इंग्रजी साहित्यात एम. ए. आणि कोलंबिया विद्यापीठातून पीएच. डी. असा त्यांचा शैक्षणिक प्रवास झाला. अमेरिकी जीवनात युद्ध आणि हिंसा यांच्याभोवती विणले गेलेले अद्भुतरम्य वलय हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पुढील आयुष्याचे बीज येथेच सापडते असे म्हणता येईल.

दरम्यान, न्यूयॉर्कमध्ये संसार थाटल्यावर १९९१ साली त्यांनी पतीसमवेत डॅफ्ने फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. शहरातील गरीब वस्त्यांमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्या लहान लहान संघटनांना अनुदान देणे हे तिचे कार्य. मोठ्या देणगीदारांच्या नजरेत न भरणाऱ्या अशा संघटनांमध्ये बहुतेक भार स्त्रियाच वाहतात, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. चित्रपटसृष्टीपासून मात्र त्या कटाक्षाने दूर होत्या. आडनावाच्या सावलीत उभे राहण्यापेक्षा वाचनालयाची सावली बरी, असा तो काळ होता.

मासळी बाजाराजवळचे मैदान

पुढची कथा समजण्यासाठी लायबेरियाचा थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेतून परतलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी वसविलेला हा देश १८४७ साली स्वतंत्र झाला. राजधानी मन्रोव्हियाचे नावही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांच्यावरून पडलेले. बाहेरून आलेले आणि मूळ रहिवासी यांच्यातील दरी दीडशे वर्षांत बुजली नाही. १९८९ साली चार्ल्स टेलर यांच्या बंडाने पहिले यादवी युद्ध पेटले. १९९७ मध्ये टेलर निवडणुकीद्वारे राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९९९ मध्ये त्यांच्याविरुद्ध दुसरे युद्ध सुरू झाले. जेमतेम तीस लाखांच्या या देशात दोन्ही युद्धांत मिळून सुमारे अडीच लाख माणसे मृत्युमुखी पडली. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हातात बंदुका देण्यात आल्या. अन्नासाठी बाहेर पडणाऱ्या स्त्रियांवर अत्याचार करणे हे तर युद्धाचे हत्यारच बनले होते.

लेमा बोवी ही तिशीतील समाजसेविका या बालसैनिकांच्या मनावरील आघातांवर उपचार करण्याचे काम करीत असे. स्वतः मुलांची आई, युद्धाने शिक्षण अर्धवट राहिलेली. मन्रोव्हियातील सेंट पीटर्स ल्युथरन चर्चमध्ये तिने स्त्रियांना प्रार्थनेसाठी एकत्र आणले. १९९० च्या जुलै महिन्यात याच चर्चमध्ये आश्रयाला आलेल्या सुमारे सहाशे लोकांची कत्तल झाली होती. त्या जागेची निवड त्यामुळे आपोआपच अर्थपूर्ण ठरली. एके दिवशी असातू बाह केनेथ ही मुस्लिम पोलीस अधिकारी चर्चमध्ये उभी राहिली आणि आपल्या धर्मभगिनींनाही सोबत आणण्याचे वचन देऊन गेली. ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रियांनी एकत्र येण्यावर दोन्ही बाजूंनी कुरकुर झाली नाही असे नाही. बंदुकीची गोळी धर्म विचारून लागत नाही, या साध्या विचारापुढे ती कुरकुर टिकली नाही.

एप्रिल २००३ पासून या स्त्रिया पांढरा पोशाख करून, दागिने उतरवून, डोक्याला साधे फडके बांधून मासळी बाजाराजवळच्या मैदानात रोज बसू लागल्या. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. राष्ट्राध्यक्षांच्या मोटारींचा ताफा त्याच रस्त्याने जात असे. ऊन असो वा तेथील धुवाधार पाऊस, त्या हटल्या नाहीत. युद्ध थांबेपर्यंत पतीशी शरीरसंबंध न ठेवण्याचेही अनेकींनी ठरविले. याच गोष्टीमुळे बाहेरच्या जगाने त्यांची थोडीफार दखल घेतली, हा वृत्तसृष्टीच्या अभिरुचीवरील एक बोलका अभिप्राय म्हणावा लागेल.

अखेर २३ एप्रिल रोजी टेलर यांना स्त्रियांच्या शिष्टमंडळास भेट द्यावी लागली. त्या प्रसंगी निवेदन वाचण्यास उभ्या राहिलेल्या लेमा बोवी यांनी राष्ट्राध्यक्षांऐवजी तेथे उपस्थित असलेल्या एकमेव स्त्री पदाधिकारी, सिनेटच्या अध्यक्षा ग्रेस मायनर यांना उद्देशून भाषण केले. ज्यांना ऐकवायचे ते समोर बसलेलेच होते. टेलर यांनी वाटाघाटींना जाण्याचे मान्य केले. बंडखोर नेत्यांचे मन वळविण्यासाठी स्त्रियांचा दुसरा गट शेजारच्या सिएरा लिओनमध्ये गेला.

जून महिन्यात घाना देशात वाटाघाटी सुरू झाल्या. ४ जून रोजीच टेलर यांच्यावरील युद्धगुन्ह्यांचे आरोपपत्र जाहीर झाले आणि ते घाईने मायदेशी परतले. पुढील सहा आठवडे चर्चा रेंगाळली. शिष्टमंडळांचे सदस्य आलिशान हॉटेलांत उतरले होते, मंत्रिपदांच्या वाटणीवर वाद घालीत होते. मन्रोव्हियात मात्र तोफगोळे पडत होते. २१ जुलै रोजी तेथून मृतांच्या बातम्या आल्या, तेव्हा घानाची राजधानी अक्रा येथे जमलेल्या लायबेरियन स्त्रियांचा संयम सुटला. हातात हात गुंफून त्या सभागृहाच्या दाराशी बसल्या. करार झाल्याशिवाय आत असलेल्या कोणालाही बाहेर पडू देणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. सुरक्षारक्षक लेमा बोवी यांना अटक करण्यास आले. तेव्हा त्यांनी तेथेच अंगावरील वस्त्रे उतरविण्यास आरंभ केला. आईच्या वयाच्या स्त्रीने संतापून स्वतः वस्त्रत्याग करणे हा पाहणाऱ्याला लागणारा घोर शाप, अशी पश्चिम आफ्रिकेतील श्रद्धा. रक्षक मागे सरले. मध्यस्थ असलेले नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख जनरल अब्दुलसलामी अबुबकर बाहेर आले, त्यांनी स्त्रियांचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्यानंतर चर्चेचा नूर पालटला. ११ ऑगस्टला टेलर यांनी पद सोडून देशत्याग केला. १८ ऑगस्ट २००३ रोजी शांतता करारावर सह्या झाल्या.

हा करार केवळ स्त्रियांमुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. बंडखोर राजधानीच्या वेशीवर पोहोचले होते, शेजारी राष्ट्रांचे सैन्य येऊ घातले होते, आरोपपत्राने टेलर यांची कोंडी केली होती. परंतु वाटाघाटी मोडू न देण्याचे काम त्या स्त्रियांनी केले. डिसेंबरमध्ये शस्त्रे जमा करण्याच्या पहिल्याच दिवशी गोंधळ उडाला, तेव्हा बिथरलेल्या तरुणांना शांत करण्यासाठीही त्याच पुढे आल्या. पुढे त्यांनी गावोगाव फिरून स्त्री-मतदारांची नोंदणी केली. जानेवारी २००६ मध्ये एलेन जॉन्सन सरलीफ यांनी लायबेरियाच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. आफ्रिका खंडात निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष होत.

कॅमेऱ्याने काय पाहिले नाही

२००६ सालीच अबिगेल डिस्नी लायबेरियाला गेल्या. नव्या राष्ट्राध्यक्षांविषयी कुतूहल होते. परत येताना त्यांच्या मनात या मैदानातील स्त्रियांची तुकड्यातुकड्यांनी ऐकलेली हकीकत होती. एवढी मोठी घटना आपल्या वाचनात कशी आली नाही, या प्रश्नाने त्या अस्वस्थ झाल्या. प्रबंधासाठी युद्धविषयक साहित्य वाचलेल्या व्यक्तीला हा प्रश्न अधिक बोचणे स्वाभाविक होते. २००७ साली दिग्दर्शिका जिनी रेटिकर यांच्यासह त्यांनी फोर्क फिल्म्स ही निर्मितिसंस्था काढली आणि माहितीपटाचे काम हाती घेतले.

खरी अडचण येथेच उभी राहिली. युद्धाची चित्रफीत पाहिजे तितकी उपलब्ध होती. केसांचे टोप घालून गोळीबार करणारे तरुण, पुलावरची रिकामी काडतुसे, जळणारी घरे. ज्या मैदानात हजारो स्त्रिया महिनोन्‌महिने बसल्या होत्या, तेथील दृश्ये मात्र फारच थोडी. कॅमेरा घेऊन आलेल्यांना गप्प बसलेल्या स्त्रियांमध्ये 'बातमी' दिसली नव्हती. त्यांच्या दृष्टीने युद्ध म्हणजे बंदूक, आणि बंदूक नाही तेथे घटना नाही. निर्मात्यांनी ठिकठिकाणांहून तुटपुंजे तुकडे मिळविले, प्रत्यक्ष सहभागी स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्याच शब्दांत कथा उभी केली. पुरावा नसलेल्या घटनेचा पुरावा तयार करण्याचेच हे काम होते. आणखी दहा वर्षे गेली असती तर ते कितपत शक्य झाले असते, अशी शंका येते.

'प्रे द डेव्हिल बॅक टू हेल' हा बहात्तर मिनिटांचा माहितीपट २००८ साली न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात प्रथम दाखविला गेला आणि त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. नेहमीच्या हिशेबाने पाहिले तर अशा चित्रपटाला तिकीटबारीवर फारसे भवितव्य नसते. अबिगेल यांनी तो वेगळ्या मार्गाने नेला. निरनिराळ्या युद्धग्रस्त देशांतील महिला संघटनांच्या बैठकांत, चर्च व शाळांच्या सभागृहांत तो दाखविला जाऊ लागला. याच कामासाठी त्यांनी 'पीस इज लाउड' ही स्वतंत्र संस्था उभारली. शांतता ही मुकी, सोशिक गोष्ट असते या समजुतीला छेद देणारे हे नाव मोठे मार्मिक आहे.

या ठिकाणी भारतीय वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना लायबेरियात दाखल झाली. तिच्यासाठी जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाची एक तुकडी मन्रोव्हियात उतरली. सव्वाशेच्या आसपास संख्याबळ असलेली ही तुकडी संपूर्णपणे स्त्रियांची होती, आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातील अशी ती पहिलीच. रात्रीची गस्त, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाची सुरक्षा, जमाव नियंत्रण, शिवाय मुलींना स्वसंरक्षणाचे धडे अशी कामे करीत एकामागून एक तुकड्या फेब्रुवारी २०१६ पर्यंत तेथे राहिल्या. त्या मायदेशी परतल्या तोपर्यंत लायबेरियाच्या सुरक्षा दलांतील स्त्रियांचे प्रमाण सहा टक्क्यांवरून सतरा टक्क्यांवर गेले होते. त्याचे सगळे श्रेय या तुकड्यांना देता येणार नाही. पण निळ्या टोपीतील भारतीय स्त्री रोज रस्त्यावर पाहणे हेही एक शिक्षणच असणार.

वाटाघाटीच्या मेजावरील रिकाम्या खुर्च्या

७ ऑक्टोबर २०११ रोजी एलेन जॉन्सन सरलीफ, लेमा बोवी आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांना शांततेचे नोबेल पारितोषिक घोषित झाले. योगायोग असा की चारच दिवसांनी अमेरिकेतील सार्वजनिक दूरचित्रवाणीवर 'विमेन, वॉर अँड पीस' ही पाच भागांची मालिका सुरू व्हायची होती. अबिगेल, जिनी रेटिकर आणि पामेला होगन या तिची आखणी करणाऱ्या. लायबेरियाचा माहितीपट हा तिचाच एक भाग होता. बोवी यांच्यावर तीन वर्षांपूर्वीच एक चित्रपट तयार आहे, याचा त्या आठवड्यात अनेक पत्रकारांना शोध लागला.

मालिकेचा पहिला भाग बॉस्नियातील फोचा गावच्या स्त्रियांविषयी होता. हेग येथील न्यायालयात उभे राहून त्यांनी साक्ष दिली आणि त्या साक्षींवर आधारलेल्या २००१ च्या निकालात युद्धकाळातील लैंगिक गुलामगिरीला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून शिक्षा झाली. एक भाग अफगाणिस्तानातील स्त्री-प्रतिनिधींचा. तालिबानशी होणाऱ्या संभाव्य तडजोडीत आपला बळी जाईल, ही त्यांची भीती त्यात व्यक्त झाली होती. ऑगस्ट २०२१ नंतर ते दृश्य पाहणे कठीण झाले आहे. आणखी एक भाग कोलंबियाच्या डोंगराळ भागातील, सोन्याच्या खाणींसाठी हुसकावल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय वस्तीचा. त्यातील फ्रान्सिया मार्केझ ही तरुण स्त्री त्या वेळी देशाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नव्हती. २०२२ साली ती कोलंबियाची उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आली.

ही उदाहरणे एका सूत्रात ओवणारा आकडा संयुक्त राष्ट्रांच्याच अभ्यासात सापडतो. १९९२ ते २०११ या काळातील एकतीस प्रमुख शांतता-प्रक्रियांत मुख्य मध्यस्थांपैकी अवघ्या दोन टक्के, करारावर सही करणाऱ्यांपैकी चार टक्के आणि वाटाघाटी करणाऱ्यांपैकी नऊ टक्के स्त्रिया होत्या. वास्तविक, अशा प्रक्रियांत स्त्रियांना स्थान असावे असा सुरक्षा परिषदेचा ठराव ऑक्टोबर २००० मध्येच संमत झाला होता. कागद आणि मेज यांच्यातील हे अंतर लोकांना दिसावे, हाच अबिगेल यांच्या निर्मितीमागील हेतू. २०१९ साली मालिकेचा दुसरा संच आला. उत्तर आयर्लंड, इजिप्त आणि पॅलेस्टाइन येथील कथांबरोबर त्यात शर्मीन ओबैद-चिनॉय यांनी सहदिग्दर्शित केलेला, हैतीमध्ये शांतिसेनेत गेलेल्या बांगलादेशी स्त्री-पोलिसांवरील माहितीपटही होता. घरची कुरबुर, मागे ठेवलेली लेकरे आणि नोकरीतील ईर्षा यांचे त्यातील चित्र आपल्याकडील कोणत्याही नोकरदार स्त्रीला ओळखीचे वाटेल.

निर्माती म्हणून इतरांच्या कृतींनाही त्यांनी बळ दिले. अमेरिकी सैन्यातील लैंगिक अत्याचारांवरील 'द इनव्हिजिबल वॉर' या २०१२ च्या माहितीपटाच्या त्या एक कार्यकारी निर्मात्या होत्या. संरक्षणमंत्री लिऑन पॅनेटा यांनी तो पाहिल्यानंतर दोन दिवसांत अशा तक्रारींची हाताळणी वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे सोपविण्याची घोषणा केली. पैसा योग्य कथेत पडला तर त्याचा परतावा कोणत्या रूपाने येतो, याचे हे उदाहरण होय.

प्रत्येक गुंतवणूक मात्र फळली नाही. सौदी अरेबियातील पुनर्वसन केंद्रात ठेवलेल्या, ग्वांटानामोमधून सुटलेल्या कैद्यांवरील 'जिहाद रिहॅब' या चित्रपटाला त्यांचे पाठबळ होते. २०२२ मध्ये सनडान्स महोत्सवात तो दाखविला गेल्यावर, बंदिवासातील माणसांनी दिलेल्या संमतीला कितपत अर्थ आहे असा प्रश्न मुस्लिम चित्रपटकारांनी उपस्थित केला. अबिगेल यांनी जाहीर पत्र लिहून क्षमा मागितली. दिग्दर्शिकेची बाजू घेणाऱ्यांना ही माघार पटली नाही आणि हा वाद दीर्घकाळ चालू राहिला.

सीमेवर आणि स्वतःच्या अंगणात

शांततेचे काम दूरच्या देशात सोपे वाटते. घराजवळ ते अवघड होते. २०१५ साली 'द आर्मर ऑफ लाइट' या माहितीपटाद्वारे अबिगेल प्रथमच दिग्दर्शनाकडे वळल्या. विषय होता अमेरिकेतील बंदुकांचा. त्यांनी नायक निवडला तो रेव्हरंड रॉब शेंक नावाचा पाद्री, गर्भपातविरोधी चळवळीतील अग्रणी आणि राजकीय मतांच्या बाबतीत अबिगेल यांच्या अगदी उलट टोकाचा. जीवनाचे पावित्र्य मानणाऱ्या माणसाला बंदुकीचे समर्थन करता येते काय, हा प्रश्न त्याला स्वतःलाच पडू लागला होता. त्याच्या जोडीला होत्या लुसी मॅकबाथ. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा जॉर्डन २०१२ साली फ्लोरिडातील पेट्रोल पंपावर, मोटारीतील संगीताचा आवाज मोठा आहे या कारणावरून झालेल्या वादात गोळीला बळी पडला होता. दिग्दर्शिकेने पाद्रीच्या श्रद्धेची कोठेही टर उडविलेली नाही. विरोधकाशी बोलण्याची ही रीत तिने बहुधा लायबेरियाच्या स्त्रियांकडूनच उचलली असावी. माहितीपटाला २०१७ मध्ये एमी पुरस्कार मिळाला. मॅकबाथ २०१८ साली जॉर्जिया राज्यातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या.

त्याच वर्षी, म्हणजे २०१५ च्या मे महिन्याच्या २४ तारखेला, तीस स्त्रियांनी उत्तर कोरियातून दक्षिण कोरियात निर्लष्करी पट्टा ओलांडला. १९५३ च्या युद्धविरामानंतर तेथे शांतता करार झालेलाच नाही, याकडे जगाचे लक्ष वेधणे हा उद्देश. या गटात लेमा बोवी होत्या, उत्तर आयर्लंडच्या नोबेल-मानकरी मेरेड मॅग्वायर होत्या, स्त्रीवादी लेखिका ग्लोरिया स्टायनम होत्या आणि अबिगेल डिस्नीही. पायी ओलांडण्याची परवानगी न मिळाल्याने सीमा बसमधून पार करावी लागली. उत्तर कोरियातील जुलमाकडे या स्त्रियांनी डोळेझाक केली, अशी टीका तेव्हा पुष्कळ झाली. ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. यजमान राजवटीने या भेटीचा प्रचारासाठी उपयोग करून घेतलाच.

ताळेबंद

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि या नियतकालिकाच्या वाचकांना तो टाळता येणार नाही. वारशाने आलेल्या संपत्तीतून सुमारे सात कोटी डॉलर आपण दान केल्याचे अबिगेल यांनी २०१९ च्या सुमारास एका मुलाखतीत सांगितले होते. पण देणगी देणे हा ताळेबंदाचा एकच भाग झाला. पैसा येतो कोठून, हा दुसरा. २०१२ साली त्यांच्यापुढे हा प्रश्न थेट उभा राहिला. कुटुंबाच्या शॅमरॉक या गुंतवणूक संस्थेचे भांडवल इस्रायलच्या अहावा या प्रसाधन कंपनीत होते आणि तिचे उत्पादन व्याप्त पश्चिम किनाऱ्यावरील वसाहतीत होत असे. कायदेशीर बंधनांमुळे आपला वाटा लगेच काढून घेता येत नाही, असे सांगून त्यांनी त्या गुंतवणुकीतील आपला हिस्सा व नफा अशा व्यवहारांविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांना देण्याचे जाहीर केले. भागधारकाची सदसद्विवेकबुद्धी आणि संस्थेची नियमावली यांचा असा पेच बँकिंगच्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही.

खुद्द डिस्नी कंपनीविषयीही त्या गप्प राहिल्या नाहीत. २०१८ च्या आर्थिक वर्षात कंपनीचे प्रमुख बॉब आयगर यांना मिळालेला एकूण मोबदला सहा कोटी छप्पन्न लाख डॉलर होता. मधल्या पातळीवरील कर्मचाऱ्याच्या वेतनाच्या तो १,४२४ पट भरत होता. डिस्नीलँडमधील एका सफाई कर्मचाऱ्याने कळविलेल्या हकीकतीनंतर अबिगेल तेथील कामगारांना जाऊन भेटल्या. पूर्ण वेळ नोकरी करूनही भाड्याचे घर परवडत नसलेले लोक त्यांना तेथे आढळले. आपण कायद्याने ठरविलेल्या किमान वेतनापेक्षा अधिक देतो आणि कामगारांच्या शिक्षणाचा खर्चही उचलतो, असे कंपनीचे उत्तर होते. मे २०१९ मध्ये अमेरिकी संसदेच्या वित्तीय सेवा समितीपुढे अबिगेल यांनी या तफावतीवर साक्ष दिली. २०२२ साली कॅथलीन ह्यूज यांच्यासमवेत त्यांनी 'द अमेरिकन ड्रीम अँड अदर फेअरी टेल्स' हा माहितीपट केला. त्यात आजोबा रॉय यांच्या काळातील वेतनाची आणि नंतरच्या वेतनाची तुलना आहे. आजोबांचे चित्र थोडे अधिक उजळ रंगविले गेले आहे, असे वाटण्यास जागा आहे. १९४१ साली डिस्नी चित्रशाळेतील कलावंतांनी केलेला कडवा संप विसरता येत नाही. परंतु स्वतःच्या आडनावाच्या कंपनीचे जमाखर्च असे चारचौघांत उलगडून ठेवणारी वारसदार विरळाच.

कुटुंबाच्या मालकीचे बोइंग ७३७ विमान होते. एकदा कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला घरी परतताना त्या मोठ्या विमानात, ऐसपैस शय्येवर, प्रवासी म्हणून आपण एकट्याच आहोत हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी त्या विमानाचा प्रवास सोडला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, न्यूयॉर्कजवळच्या ईस्ट हॅम्प्टन येथील विमानतळाच्या प्रवेशद्वारावर हवामान-कार्यकर्त्यांनी ठिय्या दिला. धनिकांच्या खासगी विमानांना त्यांचा विरोध होता. पोलिसांनी अटक केलेल्यांमध्ये त्रेसष्ट वर्षांच्या अबिगेल डिस्नी होत्या.